मैदा नसलेला केक

ईद होऊन दहा दिवस झाले होते. घरात शेवयांचं अर्धं पाकीट, थोडी खारीक आणि मूठभर बदाम उरले होते. 10 एप्रिल 2025, महावीर जयंतीची सुट्टी. सकाळी मी एका मैत्रिणीच्या भाड्याच्या घरी गेले आणि आम्ही दोघींनी मिळून चॉकलेटचा केक केला. त्यात मैदा नव्हता, कणीक नव्हती, रवा नव्हता, बेकिंग पावडर नव्हती, दूध नव्हतं, लोणी नव्हतं. घरी येऊन फुफींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "फिर उसमें था क्या?" त्यांना खरं विचारायचं होतं ते वेगळंच. ते त्यांनी दस्तरखान उचलल्यावर विचारलं.

मैत्रीण ठाण्याची. बँकेत नोकरी, बदली होऊन इकडे आलेली. आडनावाच्या शेवटी 'कर', बोलणं आपल्यापेक्षा शुद्ध मराठी. अचलपुरात सगळे तिला आधी ख्रिश्चन समजले. घरमालकीणबाईंनी तर नाताळला शुभेच्छाही देऊन टाकल्या, आणि तिनंही त्या घेतल्या; दर वेळी कुठवर समजावून सांगायचं. ती बेने इस्राएल आहे. म्हणजे यहुदी, पण कोकणातली.

रायगड, ठाण्याकडच्या वाचकांना हे सांगायची गरज नाही. वऱ्हाडात मात्र आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, वाचलेले लोक तिथंच राहिले, असं ते परंपरेनं सांगतात. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. ज्या गावात राहिले त्या गावाचं आडनाव लागलं: दिवेकर, पेणकर, किहीमकर, रोहेकर. हिब्रू विसरले, मराठी झाले. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं. त्याला हे लोक बोलताना काय म्हणत, माहीत आहे? 'जुनी मशीद'. मैत्रिणीनं हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं, माझी मजा घेते आहे.

तर केक. त्यांचा पेसाह हा सण त्या शनिवारी, 12 एप्रिलच्या संध्याकाळी सुरू होणार होता. चैत्राची पौर्णिमा, इकडे हनुमान जयंती. मूसा अलैहिस्सलाम आपल्या लोकांना फिरऔनच्या तावडीतून सोडवून मिसरबाहेर घेऊन गेले, त्याची आठवण म्हणून हा सण. निघायची इतकी घाई की भिजवलेलं पीठ आंबायलाही वेळ मिळाला नाही, तशीच बिनखमिराची भाकर भाजून घेतली. म्हणून आठ दिवस घरात खमीर चढलेलं काही नाही. गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट नावाचा गव्हाचाच एक भाऊबंद, या पाच धान्यांच्या पिठाला पाणी लागलं आणि अठरा मिनिटांच्या आत ते भाजलं गेलं नाही, तर ते या सणाला चालत नाही. सणाआधी घराचा कोपरा न् कोपरा झाडून पावाचा चुरासुद्धा बाहेर काढायचा. तिची आजी सांगायची, पूर्वी पेसाहच्या आधी घराला चुना लागायचा आणि तांब्याच्या भांड्यांना कल्हई.

ज्वारी त्या पाच धान्यांत नाही, हे कळल्यावर मला उगाच बरं वाटलं. आमची भाकर निर्दोष सुटली. त्यांच्यात भातही चालतो. युरोपातल्या अनेक यहुद्यांना तो या सणात चालत नाही.

हिब्रू विसरलेले हे लोक शेकडो वर्षं हा सण कसा पाळत असतील? त्याचं जुनं मराठी नावच उत्तर देतं: 'अनाशी ढाकायचा सण'. अनास म्हणजे आंबट रसाचं मडकं. या सणात ते झाकून ठेवायचं. मिसर, समुद्र दुभंगला, हे तपशील पुसट झाले असतील, पण आंबलेलं या दिवसांत तोंडाला लावायचं नाही, एवढं घरातल्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. मडक्यावर झाकण गेलं की सण आला. पुढे शिक्षण आलं, पुस्तकं आली. 1874 साली पुण्यात हग्गादा, म्हणजे या रात्री वाचायची पोथी, हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्यातलं एक चित्र मैत्रिणीनं मला फोनवर दाखवलं: बायका लुगडं नेसून जमिनीवर मांडी घालून बिनखमिराच्या भाकरी करताहेत. खाली काय लिहिलंय ते झाकलं तर कोणीही म्हणेल, आपल्याच गावातलं लग्नघर आहे.

मैत्रिणीची दहा वर्षांची भाची ठाण्यात आहे. आठ दिवस केक नाही, बिस्किट नाही म्हणून ती दरवर्षी रुसते. मी मोहल्ल्यात वाढदिवसाच्या केकच्या ऑर्डरी घेते हे मैत्रिणीला ठाऊक. तिनं विचारलं, बिनमैद्याचा जमेल का? मी म्हटलं, त्यात काय, माझ्या ओव्हनमध्ये करू. ती जरा गप्प झाली. माझ्या ओव्हनमध्ये ईदच्या आधी निदान चाळीस ताट नानखटाई भाजली होती. त्याच्या सांध्यासांध्यात मैदा. मोहल्ल्यातल्या बेकरीच्या भट्टीचं तर नावच नको. मग तिनं बाजारातून नवं जर्मनचं पातेलं, नवा डबा, नवं घमेलं, नवा चमचा आणला. बदाम मी घरून नेणार होते, पण ते शेवयांच्या शेजारी उघडे पडलेले. तेही बाद. नवं पाकीट.

चॉकलेट निवडायला आम्ही दुकानात अर्धा तास घातला. दोघी चष्मे लावून पाकिटामागची मुंगीएवढी अक्षरं वाचत होतो. मी जिलेटिन आणि तो 471 नंबर शोधत होते, कारण तो कशापासून काढलाय हे पाकीट सांगत नाही. ती माल्ट शोधत होती, कारण माल्ट म्हणजे जव. शिवाय दूध. त्या रात्री ताटात मटण असणार आणि मटणाबरोबर दूध-लोणी त्यांना चालत नाही. दुकानदार शेवटी म्हणाला, "ताई, चॉकलेट घ्यायचं हाय का परीक्षा द्यायची हाय?"

लोण्याऐवजी तिनं ठाण्याहून आणलेलं खायचं खोबरेल. वऱ्हाडात खोबरेल म्हणजे डोक्याला लावायची वस्तू, त्यामुळे ते चॉकलेटमध्ये ओतताना माझा हात थोडा अडखळलाच. व्हॅनिला इसेन्सची बाटली तिच्याकडे होती. मी म्हटलं, मी वापरत नाही, त्यात अल्कोहोल असतं. ती म्हणाली, मीही या सणात वापरत नाही, ते अल्कोहोल धान्यापासून काढलेलं असू शकतं. बाटली दोघींच्या संमतीनं फळीवर परत गेली. अंडी तिनं एकेक करून वाटीत फोडली, रक्ताचा ठिपका नाही ना ते पाहिलं, मग घमेल्यात टाकली. माझी आईसुद्धा अगदी असंच करायची. कारण कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

कोणाला करायचा असेल तर प्रमाण सांगते. दोनशे ग्रॅम काळं चॉकलेट, शंभर ग्रॅम खोबरेल, चार अंडी, दीडशे ग्रॅम साखर, दीडशे ग्रॅम बदामाची पूड, चिमूटभर मीठ. चॉकलेट आणि तेल गरम पाण्यावर वितळवायचं. पिवळं बलक साखरेत फेटायचं, पांढरं वेगळं फेटून घट्ट फेस करायचा. चॉकलेट, बलक, बदाम एकत्र करून शेवटी फेस हलक्या हातानं मिसळायचा. केक फुगतो तो या हवेनं. मला शंका होती की फुगलेलं चालेल का. ती म्हणाली, फुगण्याला मनाई नाही गं, आंबण्याला आहे. पातेल्यात जाड मिठाचा थर, त्यावर रिंग, त्यावर डबा, वर झाकण, झाकणावर वजन, आणि मंद आचेवर पन्नास मिनिटं. गार होताना तो मधे बसतो आणि वरून तडकतो. मैत्रीण घाबरली. पण त्याला पिठाचा आधारच नाही, तो बसणारच. बिघडला असं समजू नका.

उरलेल्या मिश्रणाचा एका वाटीत छोटासा केक झाला. तो मी घरी आणला. डबा घेऊन ती संध्याकाळी अमरावतीहून मुंबईच्या गाडीत बसली, म्हणजे शुक्रवारी सकाळी ठाणे, शनिवारचा शब्बाथ लागायच्या आत.

आता फुफींचा प्रश्न. "गाझा में बच्चे मर रहे, और तू यहुदी के वास्ते केक बना रही?"

हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. फुफी 74 वर्षांच्या आहेत. रोज रात्री नातवाच्या फोनवर ते व्हिडिओ बघून रडतात. त्यांच्या रडण्यात काही खोटं नाही, आणि गाझात जे चाललं आहे त्याला मी जुलूमच म्हणते, आधीही तसंच लिहिलं आहे. केक केला म्हणून त्यातला एक शब्द मला मागे घ्यायचा नाही.

पण ठाण्याची एक बँक अधिकारी त्या जुलमाचं उत्तर देणं लागते का? आपण मुसलमानांनी तरी हा प्रश्न विचारू नये. कारण आपल्याला तो आयुष्यभर विचारला गेला आहे. जगात कुठेही स्फोट झाला की शेजारचे काका दोन दिवस आपल्याकडे निराळ्या नजरेनं बघतात, ऑफिसात कोणीतरी म्हणतं, "तुम्ही लोक निषेध का करत नाही?" 2008 च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, त्यात नरिमन हाउसमध्ये यहुद्यांना ठरवून मारलं. नंतर मुंबईतल्या मुस्लिमांनी त्या अतिरेक्यांची प्रेतं बडा कब्रस्तानात दफन करू द्यायला नकार दिला. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता, अजूनही वाटतो. पण ते सिद्ध करावं लागलं, याची बोचही आहे. मैत्रीण तेव्हा कॉलेजात होती. तिच्या वर्गातली एक मुस्लिम मुलगी डोळ्यांत पाणी आणून तिला म्हणाली, सॉरी. मैत्रीण सांगते, मला इतकी लाज वाटली, तिनं काय केलं होतं?

आमच्या मोहल्ल्यात 'यहुदी' ही शिवी आहे. कंजूष माणसाला, कपटी माणसाला, उधारी बुडवणाऱ्याला. ती देणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णवांनी यहुदी माणूस पाहिलेला नाही. मीही ही शिवी ऐकत वाढले आणि, कबूल करते, लहानपणी एकदोनदा दिलीही आहे. मैत्रीण इकडे आल्यावर एकदा भाजीबाजारात कोणीतरी कोणाला हा शब्द मारला. ती शेजारी उभी. मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिनं कोथिंबीर निवडली, पैसे दिले, आम्ही पुढे निघालो. त्या दिवशी मी काही बोलले नाही, हे मला आजही टोचतं.

आणि गंमत पाहा, ज्यांच्या नावाची शिवी केली त्यांच्याविषयी आपल्या दीनमध्ये काय आहे? कुरआनात कोणत्याही नबीपेक्षा जास्त वेळा नाव येतं ते मूसांचं. सतराव्या सूरहचं एक नावच बनी इस्राईल. सूरह माइदामध्ये किताबवाल्यांचं अन्न आपल्याला आणि आपलं त्यांना हलाल ठरवलं आहे. (बिनमैद्याच्या केकसाठी दाखला सूरह माइदाचा! माइदा म्हणजे मांडलेला दस्तरखान, मैद्याचा काही संबंध नाही.) आणि आशुरा. हुजूर मदीनेला आले तेव्हा तिथले यहुदी रोजा ठेवून होते. का, म्हणून विचारलं. या दिवशी अल्लाहनं मूसांना फिरऔनपासून वाचवलं, असं त्यांनी सांगितलं. त्यावर, मूसांवर आमचा हक्क तुमच्यापेक्षा जास्त आहे, अशा अर्थाचं म्हणून आपल्या नबींनी स्वतः रोजा ठेवला आणि ठेवायला सांगितला. करबलाच्या आधीची ही गोष्ट. फुफी हा रोजा एक वर्षही चुकवत नाहीत. मी त्यांना एवढंच म्हटलं, फुफी, तुम्ही ज्या सुटकेचा रोजा ठेवता, त्याच सुटकेचा हा केक आहे. त्या म्हणाल्या, "तू बातां बहुत करती." आणि नमाजाला उठल्या.

मला फुफींना हरवायचं नव्हतं. मला खरी चीड येते ती सुशिक्षित मंडळींची. दोन्हीकडची. एकजण मला म्हणाला, अशा वेळी असं काही करणं म्हणजे त्यांची बाजू घेणं. दुसऱ्या गटातली बाई म्हणाली, वा, किती सुंदर, याचा फोटो टाक, मुस्लिम स्त्रीनं यहुदी सणासाठी केलेला केक! मी फोटो टाकला नाही. केक रुसलेल्या पोरीसाठी होता. त्याला शांततेचा झेंडा करून फिरवलं असतं तर मैत्रिणीला उद्या कोणीतरी विचारलं असतं, मग आता तुझी भूमिका काय?

तिची भूमिका काय, हे आम्ही दोघींनी एकदाच बोलून घेतलं आहे. ते काही गोड बोलणं नव्हतं. तिची मावशी, मामा, निम्मं कुटुंब तिकडे आहे, डिमोना आणि अश्दोदला. सायरन वाजला की मावशी मराठीत व्हॉइस मेसेज पाठवते. मैत्रीण मावशीसाठी घाबरते. मी म्हटलं, गाझातल्या मावश्यांना पळून जायला तळघरसुद्धा नाही. ती म्हणाली, माहीत आहे मला, पण माझी मावशी त्यामुळे परकी होत नाही. त्यावर मी गप्प बसले, आणि मग तीही. काही बाबतींत आमचं पटलेलं नाही, पटेल असंही दिसत नाही. नंतर पंधरा दिवस आम्ही भेटलो नाही. मग एका रविवारी ती पोहे घेऊन आली, ओल्या नारळाचे, गूळ-केळं घातलेले. म्हणाली, मलिदा आहे, बढती झाली म्हणून एलियाहू हन्नाबींच्या नावानं केला. मी म्हटलं, मलिदा? आमच्याकडे मलिदा म्हणजे चपातीचा चुरा, तूप, साखर, दर्ग्यावर नियाजला. शब्द तोच, नवस फेडायची रीतही तीच, फक्त गहू गेला आणि पोहे आले.

बेने इस्राएलांची एक जुनी कथा आहे. डेव्हिड रहाबी नावाचा यहुदी प्रवासी कोकणात आला. हे शनिवार पाळणारे तेली खरंच आपले आहेत का, याची त्याला खात्री करायची होती. त्यांना हिब्रू येईना, ग्रंथ ठाऊक नाहीत. त्यानं घरातल्या बायकांना मासळी दिली आणि शिजवा म्हणाला. त्यांनी खवले आणि पर नसलेले मासे वेचून बाजूला काढले, हे आम्ही खात नाही म्हणाल्या. त्याला तेवढं पुरलं. कथा आहे, खरी-खोटी कोण ठरवणार. पण बायकांच्या वेचणाऱ्या हातांवर सगळी कौम ओळखू आली, हे मला पटतं. हलालच्या बाबतीत आपल्याही घरात असंच आहे. बुखारी, मुस्लिम कोणी उघडून बघितलेली नसतात, पण कोंबडी कुठून आणली हे आजी विचारल्याशिवाय राहत नाही.

म्हणून दुसऱ्याचं 'हे चालत नाही' ऐकलं की आपल्याला ते चटकन कळायला हवं. वऱ्हाडात कळतंही. आमच्या लग्नांत हिंदू पाहुण्यांसाठी आचारी वेगळा, भांडी वेगळी, चूलही मंडपाच्या दुसऱ्या टोकाला. त्याची कोणी चर्चा करत नाही, आमंत्रणाइतकीच ती नेहमीची गोष्ट. माझ्या बाबतीतही कितीतरी घरांनी हे केलं आहे. एकादशीच्या दिवशी माझ्या इफ्तारसाठी खजूर आणून ठेवणारी शेजारीण मी पाहिली आहे. मग नवं पातेलं आणायला लावणारी यहुदी मैत्रीण आली की तेवढंच का जड जावं? खरं सांगते, माझ्या ओव्हनला नाही म्हणाली तेव्हा क्षणभर मलाही लागलं होतं. माझं घर अस्वच्छ आहे का, असं मनात आलं. मग आठवलं, किती घरी मी स्वतः चहाशिवाय काही घेत नाही, आणि त्या घरातल्या बाईला तेव्हा काय वाटत असेल.

ठाण्याहून शनिवारी दुपारी फोन आला. तिच्या आईनं आधी विचारलं, डबा नवा होता ना? मग विचारलं, बदाम कुठले? मग म्हणाली, बरा दिसतोय, मधे बसलाय तेवढा. मी म्हटलं, मावशी, तो बसतोच. भाचीनं रात्री उशिरा, सगळं वाचन, चार पेले, जेवण वगैरे संपल्यावर खाल्ला. अर्धी झोपेत होती म्हणे. सकाळी उठून विचारलं, अजून आहे का.

घरी आणलेली वाटी मी फ्रिजमध्ये ठेवली होती. फुफींना म्हटलं, हवा तर घ्या. त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वाटी धुऊन मांडणीवर पालथी घातलेली होती. घरात आम्ही सहा माणसं, कोणी खाल्ला ते मी विचारलं नाही.

एप्रिलअखेर डबा परत आला. रिकामा कसा येईल, आत खजुराच्या पाकाची बाटली होती. ते त्याला शीरा म्हणतात, पेसाहच्या ताटात असतो. फुफींनी बाटली उलटसुलट करून पाहिली आणि खजूर आहे म्हटल्यावर पोळीला लावून घेतला. पोळी म्हणजे गव्हाचीच, आता सण संपला होता.

मोहर्रम लागला. आशुरा 6 जुलैला होता. आदल्या दिवशी फुफी तांदूळ निवडत बसल्या होत्या, मधेच म्हणाल्या, "तेरी वो बँकवाली, उसको पूछ, उनका भी रोजा रहता क्या कल?"

मी फोन लावला. मैत्रीण म्हणाली, उद्या नाही, आमचा मोठा उपास किप्पूरचा, यंदा 2 ऑक्टोबरला. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या रात्रीपर्यंत, पंचवीस तास, पाण्याचा थेंबही नाही. आणि सांग फुफींना, त्याच्या आधीच्या महिन्यात आमच्यातले जुने लोक उपास करायचे, त्या महिन्याला रमजानच म्हणायचे.

मी सांगितलं. फुफींचा हात तांदळात थांबला. रमजानचं त्यांना फारसं नवल वाटलं नसावं. त्या बोटं मोजत होत्या.

"पच्चीस घंटे," त्या म्हणाल्या. "बिना सहरी के?"